डोकं लावा, मगच हेड खोला!

जुनी बाइक किंवा कार 'तयार' करायची हौस पुष्कळांना असते. पण इंजिनाचं हेड ज्याच्या हातात द्यायचं, तो मशीन शॉपवाला निवडायचा कसा? वीकेंडच्या गाडीवेड्यांसाठी हा खास फंडा.

सोमवार ते शुक्रवार टार्गेट, डेडलाइन आणि अप्रेझलचं टेन्शन. वीकेंडला कुणी ट्रेकला पळतं, कुणी मल्टिप्लेक्सला. काही जण मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये, हाताला ग्रीस फासून, बाबांच्या आरएक्स १०० समोर मांडी घालून बसलेले असतात. कुणाकडे काकांची बुलेट असते, कुणाकडे आजोबांची पद्मिनी, तर कुणी पहिल्या बोनसमधून सेकंडहॅण्ड जिप्सी उचललेली असते. यात मुलीही आहेत बरं का, आणि त्या पाना मुलांपेक्षा नीट धरतात!

मॉडिफिकेशन म्हटलं की डोळ्यांसमोर येतात स्टिकर्स, अलॉय व्हील्स आणि शेजाऱ्यांची झोप उडवणारा सायलेन्सर. ही झाली वरवरची नटवानटवी. खरा खेळ असतो इंजिनाच्या आत, आणि त्यातही सिलिंडर हेडमध्ये. इथेच गोची आहे. स्टिकर चुकला तर खरवडून काढता येतो. हेडवरून काढलेला धातू परत चिकटवता येत नाही. आरएक्स १००चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, मारुती ८००चं २०१४ मध्ये. अशा गाडीचं ओरिजिनल, चांगलं हेड हातात असेल तर ते सोन्यासारखं जपायचं. ते कुणाच्याही हातात देऊन चालणार नाही.

हेड म्हणजे नेमकं काय?

सिलिंडर म्हणजे पातेलं धरलं, तर हेड हे त्याचं झाकण. पण फार हुशार झाकण! पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं ते याच्याच पोटात. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे रस्ते, म्हणजे पोर्ट्स, हेडमध्येच असतात. त्या रस्त्यांची दारं म्हणजे व्हॉल्व्ह. दार जिथे टेकतं ती सीट, आणि दार सरळ रेषेत वर-खाली जावं म्हणून असतो तो गाइड.

टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी. आरएक्स १००च्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नाहीत. तिचे पोर्ट्स खाली सिलिंडरच्या भिंतीत असतात. त्यामुळे 'आरएक्सच्या हेडचं पोर्टिंग करून देतो' असं कुणी म्हणालं, तर हसून निरोप घ्या. त्या हेडमध्ये काम असतं ते कंबश्चन चेंबरच्या आकाराचं आणि 'स्क्विश'चं. पिस्टन वर आला की हेडच्या कडेला उरणाऱ्या अरुंद फटीतून मिश्रण जोरात मधे ढकललं जातं आणि ढवळून निघतं, हाच तो स्क्विश.

ही ढवळाढवळ किती मोलाची असते ते ब्रिटिश इंजिनिअर हॅरी रिकार्डो यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं. १९१९ मध्ये त्यांनी पेटंट घेतलेल्या हेडच्या डिझाइनमध्ये मिश्रणाला मुद्दाम खळबळ दिली होती. पुढे हॅरी वेस्लेक यांनी हेडमधून हवा नेमकी कशी वाहते याचा अभ्यास केला आणि बेंटली, जॅग्वारसारख्या कंपन्यांना त्याचा फायदा झाला. सांगायचा मुद्दा, हा 'घासा आणि चमकवा' असा मामला नाही. यात सायन्स आहे बॉस!

आधी ठरवा, हवंय काय?

मशीन शॉप शोधायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. मला हेड दुरुस्त करायचंय की बदलायचंय? निम्म्याहून जास्त वेळा खरं उत्तर 'दुरुस्त' असं असतं. वीस-पंचवीस वर्षं पळालेल्या इंजिनाचे गाइड झिजलेले असतात, सीट खराब झालेल्या असतात, हेड वाकलेलं असतं. ते सगळं कंपनीच्या मापावर परत आणलं तरी गाडी अशी पळते, की मॉडिफिकेशनचं भूत आपोआप उतरतं.

तरीही पॉवर हवीच असेल तर थोडं गणित करू. सगळ्यांचा आवडता उपाय म्हणजे हेडला 'फेस मारणे', अर्थात हेडचा खालचा पृष्ठभाग मशीनवर थोडा तासणे. त्यामुळे चेंबर लहान होतं आणि कॉम्प्रेशन वाढतं. जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन घ्या. बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५. म्हणजे एका सिलिंडरचा आवाका झाला साधारण ३२५ सीसी. कॉम्प्रेशन रेशो ९ धरला, तर पिस्टन वर असताना उरलेली जागा होते ४०.६ सीसी. आता चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ समजा ४० चौरस सेंटिमीटर आहे आणि तुम्ही अर्धा मिलिमीटर तासलं. दोन सीसी जागा कमी झाली आणि रेशो गेला ९.४ वर. मस्त वाटतं ना? पण पुस्तकातल्या सूत्रात हे आकडे घातले, तर इंजिनाची कार्यक्षमता वाढते जेमतेम सव्वा टक्का!

त्या सव्वा टक्क्यासाठी तुम्ही काय पणाला लावता? एक म्हणजे नॉकिंग. मिश्रण वेळेआधी किंवा वेडंवाकडं पेटायला लागतं आणि पिस्टनवर घणाचे घाव बसतात. दुसरं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या अर्धा मिलिमीटर जवळ येतात. तिसरं, ज्या इंजिनांत कॅमशाफ्ट हेडमध्ये असतो आणि बेल्ट किंवा चेनने फिरतो, तिथे हेड खाली आल्यामुळे व्हॉल्व्हचं टायमिंग किंचित मागे पडतं. म्हणून 'थोडं जास्तच तासा, पिकअप वाढेल' हे वाक्य तोंडातून काढू नका. फेस मारायचा तो हेड सपाट करण्यापुरता. त्यापुढचं काही करायचं असेल तर आधी माप, मग मशीन.

शोधायचं कुठे?

पहिला फरक लक्षात घ्या. गॅरेज वेगळं आणि मशीन शॉप वेगळं. गॅरेजवाला इंजिन उतरवतो, खोलतो, बसवतो. तासणं, बोअर करणं, सीट कापणं ही कामं तो बाहेरूनच करून आणतो. त्यामुळे तुमच्या मेकॅनिकला सरळ विचारा, "तुम्ही हेड कुणाकडे पाठवता?" आणि एकदा त्याच्यासोबत तिथे जा. मेकॅनिकला दुखवून, त्याला वगळून पुढे जाण्यात शहाणपण नाही. हेड परत बसवणार तोच आहे!

दुसरा रस्ता स्पेअर पार्ट्सच्या बाजाराचा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. काउंटरवरच्या माणसाला विचारा की व्हॉल्व्ह, गाइड आणि सीट नियमित कोण नेतं. जो हे सुटे भाग सतत घेतो, तोच हे काम सतत करतो. इतकं साधं लॉजिक आहे.

तिसरा रस्ता औद्योगिक वसाहतींचा. भोसरी, नाशिकचं सातपूर-अंबड, कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. कोल्हापूर तर फाउंड्री आणि लेथचं गावच. तिथे धातूशी बोलणारे हात गल्लोगल्ली भेटतात. मात्र एक काळजी घ्या. मोठमोठे पार्ट बनवणारा वर्कशॉप उत्तम असेल, पण त्याने कधी हेड हाताळलेलं नसेल तर उपयोग नाही. उलट ट्रक आणि ट्रॅक्टरची इंजिनं बांधणारा म्हातारा मिस्त्री दिसायला साधा असतो, पण त्याने शेकडो हेड पाहिलेली असतात. गाइड बदलणं, सीट बसवणं, चीर शोधणं ही त्याची रोजची भाकरी आहे.

चौथा रस्ता रेसिंगवाल्यांचा. खरोखर पॉवर काढायची असेल, तर ज्यांची इंजिनं ट्रॅकवर शेवटच्या लॅपपर्यंत टिकतात त्यांना विचारा. चेन्नई, कोइम्बतूर आणि बेंगळुरू या पट्ट्यात ही परंपरा जुनी आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा आणि कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे असे दोन ट्रॅक तिथेच आहेत. कुरिअरने हेड पाठवून काम करून घेणारे लोकही आहेत. पण पहिल्यांदा जाताना स्वतः जा. फोनवर सगळेच उस्ताद असतात!

शॉपमध्ये शिरल्यावर

एसी वेटिंग रूम आणि कॉफी मशीनची अपेक्षा ठेवू नका. चकाचक फ्लोअरवरून शॉप जोखू नका, तसंच तेलकट भिंतींवरूनही नको. बघायचं ते मोजण्याचं सामान. मायक्रोमीटर, डायल गेज, फीलर गेज, सरळ पट्टी या गोष्टी नीट डब्यात ठेवल्या आहेत की स्क्रॅपच्या ढिगात पडल्यात? ज्याची मापाची हत्यारं स्वच्छ, त्याचं काम स्वच्छ. आणि 'एखादं सूत इकडेतिकडे चालतं' असं ऐकू आलं तर सावध व्हा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून जास्त. इथे आपण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या गोष्टी करतोय!

आता हा संवाद वाचा.

"काका, हेडचं काम आहे. जरा फेस मारून द्या ना."

"कशाला मारायचा? गाडी गरम झाली होती का? गॅस्केट उडालं होतं?"

"नाही, म्हणजे... पिकअप वाढवायचाय."

"मग आधी धुऊन आण बाळा. पट्टी लावून बघितल्याशिवाय मी मशीनवर घेत नाही."

असे काका भेटले तर त्यांचे पाय धरा. याउलट, "ठेवून जा साहेब, संध्याकाळी घेऊन जा, एकदम मक्खन करून देतो" असं उत्तर आलं, तर हेड उचलून बाहेर पडा. जो आधी प्रश्न विचारतो तो चांगला डॉक्टर. जो न तपासताच गोळी देतो तो नाही. मशीन शॉपलाही हाच नियम लागू आहे.

पट्टी लावण्याचं महत्त्व काय? हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेज सरकवून बघतात. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत ही वाकण्याची मर्यादा असते ०.०५ मिलिमीटर. आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी! मापात असेल तर तासायची गरजच नाही. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून उकळलं असेल तर आधी चीर तपासायची. चीर असलेल्या हेडवर बाकीचा खर्च म्हणजे पाण्यात पैसे.

काकांना विचारा हे सात प्रश्न

१. आधी गाइड करणार की आधी सीट? बरोबर उत्तर : आधी गाइड. कारण सीट कापणारं कटर गाइडमध्येच सेंटर होतं. गाइड ढिला असेल तर सीट वाकडीच कापली जाणार. हा एकच प्रश्न अर्धी परीक्षा घेतो.

२. सीट किती अँगलची कापता? साधारणपणे व्हॉल्व्ह टेकतो तो ४५ अंशांचा, वर ३० आणि खाली ६० असा तीन अँगलचा कट अपेक्षित असतो. नुसती ग्राइंडिंग पेस्ट लावून घासणं म्हणजे सीट कापणं नव्हे.

३. सीटची रुंदी किती ठेवणार? फार रुंद ठेवली तर नीट बसत नाही, फार बारीक ठेवली तर व्हॉल्व्ह जळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमार्गेच हेडमध्ये जाते, हे विसरू नका.

४. जुन्या बिडाच्या हेडला कडक सीट बसवता का? भारतात २००० साली शिसं घातलेलं पेट्रोल देशभर बंद झालं. ते शिसं सीटला गादीसारखं जपायचं. त्याआधीच्या काही इंजिनांना म्हणून कडक धातूच्या वेगळ्या सीट लागतात.

५. फेस मारायचाच तर किती? आकडा सांगा आणि बिलावर लिहा.

६. वेल्डिंग लागलं तर? ॲल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग करतात. पण त्या उष्णतेने आजूबाजूचा धातू नरम पडतो आणि हेड वाकू शकतं. त्यामुळे वेल्डिंग आधी, फेस आणि सीट नंतर.

७. स्पार्क प्लगचे आटे गेलेत, काय करणार? धातूचा इन्सर्ट बसवणार हे उत्तर बरोबर. 'टेप गुंडाळून घट्ट करतो' हे ऐकलंत तर पळा!

चमकवण्याच्या नादी लागू नका

पोर्टिंग-पॉलिशिंग हा तरुणांचा वीक पॉइंट. हातात डाय ग्राइंडर आला की प्रत्येकाला पोर्ट मोठं करावंसं वाटतं. पण मोठं पोर्ट म्हणजे जास्त पॉवर, हे अर्धसत्य आहे. पोर्ट फार मोठं केलं तर हवेचा वेग पडतो. मग गाडी वरच्या आरपीएमला कदाचित बरी पळेल, पण सिग्नलवरून उचलताना मेल्यासारखी होईल. आणि आपण दिवसभर चालवतो कुठे? सिग्नल ते सिग्नल!

खरी अडचण बहुतेक वेळा पोर्टच्या तोंडाशी नसते. ती असते व्हॉल्व्हच्या सीटच्या आसपास, शेवटच्या सेंटिमीटरभरात. तिथला ओतकामाचा खडबडीतपणा आणि धारदार कड काढली, गॅस्केट आणि पोर्टची तोंडं एकमेकांशी जुळवली, की रस्त्यावरच्या गाडीला तेवढं पुरतं. कार्बुरेटरच्या गाडीत इनलेट पोर्ट आरशासारखं करायची गरजच नाही. किंचित खरखरीत पृष्ठभाग चालतो, कारण पेट्रोलचे थेंब भिंतीवर ओघळून जमण्यापेक्षा हवेत मिसळलेले बरे. एक्झॉस्ट मात्र गुळगुळीत केलंत तर काजळी कमी धरते. ज्याच्याकडे हवेचा प्रवाह मोजणारा फ्लो बेंच आहे, त्याच्याकडून कामाआधीचे आणि नंतरचे आकडे मागा. फ्लो बेंच नसेल, तर 'वीस टक्के पॉवर वाढेल' या वाक्याला चहाच्या कपाइतकीच किंमत द्या.

आणि एक. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत नुसतं हेड बदलून भागत नाही. इंजिनाचा मेंदू, म्हणजे ईसीयू, जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडत असतो. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांचीही वेगळी कथा आहे. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. त्याने मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणून हेडच्या कामानंतर जेट्स आणि रबरी नळ्या दोन्ही तपासून घ्या.

देताना आणि घेताना

ऑफिसमध्ये ईमेलशिवाय पान हलत नाही ना? मग इथेही कागद करा. हेड देताना सगळ्या बाजूंचे फोटो काढा. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या जागेचा, ते पिशव्यांवर लिहून द्या. सोबत जुनं आणि नवं गॅस्केट न्या, शक्य असेल तर पिस्टनही. काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, ते एका कागदावर मुद्देसूद लिहा. प्रत्येक कामाचे पैसे वेगळे लावून घ्या. 'सगळं मिळून बघू' यातून भांडणंच होतात. आणि प्लीज, 'रविवारी महाबळेश्वरला जायचंय' म्हणून घाई करू नका. चांगल्या मिस्त्रीकडे रांग असते आणि ती असायलाच हवी.

परत घेताना तिथेच एक टेस्ट करा. व्हॉल्व्ह बसवलेलं हेड उलटं-सुलटं करून पोर्टमध्ये थोडं पेट्रोल किंवा रॉकेल ओता आणि काही मिनिटं थांबा. (सिगारेट आणि ठिणगी लांब ठेवा!) चेंबरच्या बाजूने पाझरलं तर सीट बसलेली नाही. चांगला मिस्त्री या टेस्टला रागवत नाही, उलट स्वतःच करून दाखवतो. घरी आणल्यावर हेड पुन्हा गरम पाण्याने धुवा. लपून बसलेला एक कण सिलिंडरची भिंत ओरबाडायला पुरतो. बसवताना टॉर्क रेंच हवाच. बोल्ट आडव्या-तिरक्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. फेस मारलेला असेल तर पिस्टनवर लहान मुलांच्या मातीचा, म्हणजे प्लॅस्टिसिनचा, छोटा गोळा ठेवून इंजिन हाताने दोनदा फिरवा. हेड उघडून गोळ्याची जाडी मोजली की व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कळतं. दहा रुपयांची माती हजारो रुपये वाचवते.

आणि कायदा?

हा भाग वाचून पान उलटू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे पडतील असे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत असं स्पष्ट केलं.

थोडक्यात, झिजलेलं हेड मूळ मापावर आणणं ही दुरुस्ती. सीसी वाढवणं, धूर आणि आवाज मर्यादेबाहेर नेणं हा वेगळा मामला. त्यात इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो, तो अपघात तुमच्या चुकीने झालेला नसला तरी. पॉवरची खाज फारच असेल, तर ती ट्रॅकवर भागवा. एक्स्प्रेस-वे हा ट्रॅक नव्हे.

शेवटचा फंडा

इलेक्ट्रिक गाडीला सिलिंडर हेड नसतं. म्हणजे सीट कापणारे, नुसत्या बोटाने चाचपून 'हा गाइड गेलाय' सांगणारे हात यापुढे नव्याने फारसे तयार होणार नाहीत. तुमच्या गाडीला पुढची वीस वर्षं पळायचं असेल, तर असा एक हात आत्ताच शोधून ठेवा. सुरुवात एकदम पोर्टिंगपासून करू नका. आधी एक साधं काम द्या, दोन व्हॉल्व्हच्या सीटचं किंवा एका गाइडचं. काम नीट आलं, सांगितलेल्या मापात आलं, की पुढचं द्या.

आणि बिलात घासाघीस करण्याआधी काकांच्या लेथशेजारच्या स्टुलावर तासभर बसून काम बघा. दोन कटिंग चहा सांगा. त्या तासात कळतं ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं!